न उघडलेल्या गुंडाळ्यांचें वाचन : एक परीक्षण

(१) जुनी गुंडाळी न उघडतां तिच्या पोटांतील मजकूर वाचतां येतो, असें एका पिढीपूर्वीं कोणी म्हटलें असतें तर संशोधकांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें. आज तें सिद्ध झालें आहे. आणि सिद्ध झालें म्हणूनच त्याची चिकित्सा अवश्य झाली आहे. नव्या साधनानें हातीं आलेला पाठ कोणत्या योग्यतेचा पुरावा मानावा, याचा निर्णय यंत्रज्ञांवर सोंपवितां येत नाहीं. तो पोथ्या हाताळणारांनींच केला पाहिजे. या दृष्टीनें एन-गेदी व हर्क्युलेनियम येथील दोन वाचनांचें परीक्षण येथें केलें आहे.

(२) या साधनास टोमोग्राफी म्हणतात. मराठींत छेदचित्रण म्हणावें. साध्या क्ष-किरण चित्रांत सर्व थरांची छाया एकावर एक पडते. छेदचित्रणांत तीच वस्तु अनेक कोनांतून पाहून प्रत्येक रेषेवर किरण किती शोषला गेला, ती बेरीज टिपतात. चौकटीच्या आडव्या, उभ्या व तिरप्या बेरजा पुरेशा दिल्या असतां घराघरांतील आंकडा काढतां यावा, तसा हा प्रकार आहे. याचें गणित राडोन यानें इ.स. १९१७ मध्यें मांडलें. हौन्सफील्ड याच्या यंत्रानें १९७१ मध्यें रुग्णाच्या मेंदूचा छेद प्रथम दाखविला. पुढें ओतकामांतील पोकळ्या शोधण्यासही हीच रीत उपयोगीं पडली. घडी घालून बंद केलेलें १६९७ सालचें एक फ्रेंच पत्र न उघडतां वाचल्याचें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. तें दांतांच्या अभ्यासासाठीं बनविलेल्या यंत्राच्या साह्यानें.

(३) मृत समुद्राच्या पश्चिम तीरावरील एन-गेदी येथें १९७० मध्यें एका जळालेल्या प्रार्थनामंदिराच्या उत्खननांत कोळसा झालेली चामड्याची एक गुंडाळी सांपडली. हात लावतांच तिचे तुकडे पडत. केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स व त्यांचे सहकारी यांनीं तिचें वाचन २०१६ मध्यें प्रसिद्ध केलें. प्रथम छेदांतून चामड्याचा एकेक वेढा वेगळा ओळखला, मग त्या पृष्ठावरील घनतेचा फरक टिपला, नंतर तें पृष्ठ गणितानें सपाट केलें, व शेवटीं तुकडे जोडले. हा क्रम त्यांनीं उघड मांडला, हा या निबंधाचा मोठा गुण होय. लेवीय ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांतील ३५ ओळी मिळाल्या. त्यांपैकीं १८ अवशिष्ट व १७ पुनर्रचित आहेत. हा पाठ परंपरागत हिब्रू पाठाच्या व्यंजनांशीं तंतोतंत जुळतो, असा निष्कर्ष आहे.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पुनर्रचना ज्ञात पाठाच्या आधारें होते. म्हणून ‘तंतोतंत जुळतो’ याची साक्ष अवशिष्ट अक्षरेंच देऊं शकतात, पुनर्रचित ओळी नव्हेत. अवशिष्ट भाग पुरेसा असल्यानें निष्कर्ष ढळत नाहीं. पण त्याचा पाया किती रुंद आहे, तें वाचकानें जाणावें. दुसरी गोष्ट काळाची. किरणोत्सर्गी कार्बनाच्या मापनानें गुंडाळी इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकाची ठरते. लिपिज्ञ आदा यार्देनी यांनीं अक्षरवटिकेवरून ती पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांतील अथवा दुसऱ्याच्या आरंभींची मानिली. कोणाचें खरें, हें छेदचित्र सांगत नाहीं. उलट, अक्षराच्या वळणावरून काळ ठरवूं गेल्यास तें वळण लेखकाच्या हातचें कीं सपाटीकरणाच्या गणितांतून आलेलें, हा नवा प्रश्न उभा राहतो.

(४) हर्क्युलेनियमचें प्रकरण याहून बिकट आहे. इ.स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत तेथील पपायरसच्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. त्यांवरील शाई काजळाची, व पपायरसही कोळसा. त्यामुळें क्ष-किरणांस दोहोंत फरक दिसेना. २००९ मध्यें फ्रान्सच्या इन्स्तित्यू येथील दोन गुंडाळ्यांचे छेद घेतले, पण शाई सांपडली नाहीं. २०२३ मध्यें बक्षीस लावून छेद सर्वांस खुले केले. त्यांत केसी हँडमर यास शाईच्या जागीं भेगाळ पोत डोळ्यांनीं दिसला; त्यावर संगणकास शिकवून ल्यूक फॅरिटर यानें ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द काढला. यूसुफ नादर यासही स्वतंत्र रीतीनें तोच शब्द मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्यें या दोघांनीं यूलियन शिलिगर याच्या साह्यानें १५ स्तंभांतील २००० हून अधिक अक्षरें सादर केलीं. तो गुंडाळीचा सुमारें विसावा हिस्सा होय. विषय सुखाचा आहे : दुर्मिळ वस्तु विपुल वस्तूंहून अधिक सुख देतात काय? २०२५ मध्यें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांतील गुंडाळींत फिलोडेमस याच्या ‘दुर्गुणांविषयीं’ या ग्रंथाचें नांव वाचलें गेलें. हें नांव गुंडाळीच्या अगदीं आंतल्या टोंकाशीं, म्हणजे आपल्या पोथींतील पुष्पिकेच्या जागीं होतें.

एन-गेदी येथें ताडून पाहण्यास ज्ञात पाठ होता. येथें ग्रंथच अज्ञात. शिवाय येथें प्रसिद्ध होणारें काळें-पांढरें चित्र हें छायाचित्र नव्हे. ‘या बिंदूवर शाई असावी’ अशा संगणकाच्या अनुमानांचें तें चित्र आहे. धूमावरून वह्नि ओळखावा, तसें पोतावरून शाई ओळखणें. अनुमान हें प्रमाण खरेंच. पण त्यास प्रत्यक्षाचें नांव देणें हा दोष होय, आणि वर्तमानपत्रांनीं तो सर्रास केला. संगणकास ग्रीक भाषा शिकविलेली नव्हती, तो केवळ लहान तुकड्यांत शाई शोधीत होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्ण अक्षरें त्यानें कल्पिलीं असा आक्षेप त्यामुळें बराच दुबळा होतो. दोघांस एकच शब्द मिळाला, ही साक्ष त्याहून बळकट. तथापि शाईच्या ठिपक्यांपासून अक्षर व अक्षरापासून शब्द ही चढण ग्रीक पंडितांनींच केली आहे, आणि तेथें प्रमादास जागा आहेच.

(५) आपणांस याचें अगत्य कां? आपल्या पोथ्यांची काळी शाई बहुधा काजळाची, म्हणजे हर्क्युलेनियमच्याच जातीची. ओलीनें दगडासारखे चिकटलेले रुमाल संग्राहकांच्या घरीं आहेत. यंत्राखालीं त्यांतून प्रथम काय दिसावें? हिंगुळांत पारा व हरताळांत सोमल असल्यानें त्यांची छाया गडद पडेल. म्हणजे लेखकानें तांबड्यानें लिहिलेलें व हरताळ फासून खोडलेलें आधीं दिसेल, आणि मुख्य मजकूर मागें राहील! असें अर्धवट चित्र पाहून कोणी पाठ ‘सिद्ध’ केला, तर अनर्थच होईल.

(६) म्हणून अशा वाचनांस चार अटी लावाव्या. पहिली, छेद व मधल्या पायऱ्या इतरांस तपासण्यास खुल्या असाव्या. दुसरी, दिसलेलें अक्षर व भरलेलें अक्षर छापतांना वेगळें दाखवावें. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ आहे, तो कित्ता पुढें आहेच. तिसरी, दोन वाचकांनीं एकमेकांस न विचारतां वाचावें. चौथी, काळनिर्णय चित्रावर एकट्यावर ठेवूं नये.

या अटींत बसणारें वाचन नव्या प्रतीइतक्या मानानें स्वीकारावें. आणि ज्यांच्या घरीं चिकटलेले रुमाल असतील, त्यांनीं ते पाण्यानें किंवा चाकूनें सोडविण्याची घाई करूं नये. आज न उघडलेलें उद्यां वाचलें जाईल. पण एकदां फाडलेलें पुन्हा मिळत नाहीं. इत्यलम्.