नियमांचं ओझं कोणाच्या डोक्यावर?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणारे गट मधेच बंद का पडतात, असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं: "नियम फार आहेत, माणूस थकतो." मला हे उत्तर अर्धंच बरोबर वाटतं. नियम किती आहेत यापेक्षा ते कोणी आणि कधी डोक्यात धरायचे, हा खरा प्रश्न. याच निकषावर या खेळाच्या दोन आवृत्त्या तपासू.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे आपल्या सूत्रधारासारखा. तो प्रसंग सांगतो, बाकीचे "मी हे करतो" म्हणतात, आणि जमलं की नाही ते फाशावर ठरतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांत आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची मुख्य पुस्तकंही तीनच, पण प्रत्येक तीनशेहून जास्त पानांचं.

आता थोडं संशोधन. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये 'आकलन-भारा'ची कल्पना मांडली. आपण विचार करतो तो ओटा फार लहान असतो. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीप्रमाणे त्यावर एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात. काही भार विषयाचा स्वतःचा असतो, काही वाईट मांडणीमुळे उगाच येतो. मात्र जे आधीच अंगवळणी पडलंय, ते ओट्यावर फारशी जागा घेत नाही.

२००३ ची ३.५ आवृत्ती घ्या. शत्रूला धरून ठेवायचं असेल तर आधी त्याला तुमच्यावर फुकटचा वार मिळतो. तो लागला तर तुमचा प्रयत्न तिथेच संपला. नाही लागला तर स्पर्शाचा फासा, मग दोघांच्या ताकदीची झटापट, त्यात आकारानुसार बेरीज-वजाबाकी, आणि शेवटी त्याच्या जागेत शिरणं. गोष्टीत हे एक वाक्य आहे: "मी त्याला धरतो." हा सरळसरळ उगाच आलेला भार.

पाचव्या आवृत्तीने इथे चांगलं काम केलं. २०१४ च्या नियमांत धरणं म्हणजे दोघांनी एकेक फासा टाकणं, बस्स. सुटे सुटे बोनस मोजण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी 'ॲडव्हांटेज' आलं: वीस बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा घ्या. अकरा किंवा जास्त पडण्याची शक्यता एका फाशात ५० टक्के असते, दोन्ही फासे चुकण्याची २५ टक्के, म्हणून ॲडव्हांटेज असेल तर ती ७५ टक्के होते. परिणाम मोठा, पण लक्षात ठेवायचं काहीच नाही. नियम असाच असावा.

पण माझी तक्रार पुढे आहे. खेळाडूच्या डोक्यावरून उतरलेलं ओझं बरंचसं डंजन मास्टरच्या पाठीवर गेलं. २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे एक लढाई बेतायची तर: चार गॉब्लिन, प्रत्येकी ५० गुण, म्हणजे २००. पण शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणून ४००. मग प्रत्येक पात्राच्या पातळीचा आकडा तक्त्यातून काढून बेरीज करायची आणि तुलना करायची. एवढं करून खेळाडू त्या गॉब्लिनांशी दोस्ती करतात! २०२४ च्या सुधारणेत हा गुणाकार काढला, हे बरं झालं. तरी जग, पात्रं, शत्रू, वेळ आणि वादाचा निवाडा हे सगळं अजून एकाच माणसाकडे आहे.

'बर्नआउट' हा शब्द इथे जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटना तो फक्त नोकरी-कामाच्या संदर्भात वापरते. पण क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सांगितलेली लक्षणं पाहा: थकवा, अलिप्तपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. दर रविवारी चार जणांसाठी तयारी करणाऱ्याला ती ओळखीची वाटतील, कारण त्याच्यापुरता तो खेळ कामच झालेला असतो.

उलट उदाहरण आपल्याकडे आहे: कोकणातला दशावतार. पारंपरिक दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या बोलतात, आणि खेळ रात्रभर चालतो. त्यालाही नियम आहेतच: कथेचा क्रम, पात्रांचा स्वभाव, कोण जिंकणार. पण ते नटांच्या आणि प्रेक्षकांच्याही अंगात मुरलेले. पुस्तक उघडावं लागत नाही, ओटा मोकळा राहतो आणि तिथे कल्पना सुचते.

म्हणून नेरसारख्या गावात कोणी गट सुरू करत असेल, तर जाड इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात करू नये. तिथे नियमांआधी भाषेचाच भार पडतो. जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानात मावतो. नाहीतर महाभारतातला एखादा प्रसंग आणि एक फासा घ्या. मोठाच खेळ हवा असेल तर कामं वाटा: पाळी कोणाची ते एकाने बघावं, नियम दुसऱ्याने शोधावेत, मागच्या वेळी काय झालं ते तिसऱ्याने सांगावं. पुस्तकाची पानं तेवढीच राहतील, पण सूत्रधार पुढच्या रविवारीही येईल.