पेटी, कीबोर्ड आणि साथ : झाडीपट्टीच्या नाट्यसंगीताविषयी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी आटोपली, मंडया भरू लागल्या की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवर अलीकडे बरेच लिहिले गेले. गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरी वृत्तपत्रांनीही तिची दखल घेतली. या लेखनात नट आहेत, संहिता आहेत, अर्थकारण आहे. रंगमंचासमोर तोंड करून बसलेले वादक मात्र त्यात क्वचितच दिसतात. त्यांचा उल्लेख आलाच तर एका तक्रारीच्या रूपाने येतो : ऑर्गन गेला, कीबोर्ड आला आणि संगीत बिघडले.

मी मूल तालुक्यात राहतो, पेटी वाजवतो आणि गेली काही वर्षे इथल्या तरुण मुलांच्या सोबतीने संगणकावर ध्वनिमुद्रण शिकतो आहे. या दोन्ही बाजूंनी पाहता ती तक्रार मला अर्धी खरी वाटते. संगीतात काहीतरी हरवते आहे हे खरे. पण ते यंत्रामुळे हरवते आहे असे म्हणण्याआधी यंत्राला काय येते आणि आपण त्याच्याकडून काय करून घेतो, हे तपासायला हवे.

पेटीवरचा जुना खटला

कीबोर्डवरचे सगळे आरोप आपण एकदा पेटीवर केलेले आहेत. पेटी फ्रान्समधून आली आणि कोलकात्यात तिला हाताचा भाता मिळाला. तिचे बारा स्वर समान अंतराचे, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत, असे आक्षेप होते. ते इतके टोकाला गेले की १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. महाराष्ट्रात काहींनी यंत्रच बदलून पाहिले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींची पेटी करवून घेतली. आपल्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली.

रंगभूमीने मात्र साधी पेटी आणि पुढे ऑर्गन पत्करला. बालगंधर्वांच्या नाटकांत ऑर्गनसोबत कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला होता. ऑर्गनला मींड येत नव्हती, ती सारंगीने भरून काढली. पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक झाले, त्यांनी भाता आणि बोटे यांच्या मेळातून गळ्याचा आभास निर्माण केला. परके वाद्य आपले झाले ते साथीमुळे. गायकाचा श्वास कुठे संपतो, तो समेवर येणार की सम चुकवून पुढे जाणार, हे ओळखून वाजवणे म्हणजे साथ. वाद्यातली उणीव वादकाच्या लक्षाने भरून निघते, हा मराठी रंगभूमीचा जुना अनुभव आहे.

मिडीला काय येते

कीबोर्ड आणि संगणक परस्परांशी बोलतात ती भाषा म्हणजे मिडी. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून ती आकाराला आली. जानेवारी १९८३ मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून ती जगासमोर मांडली गेली. मिडीतून आवाज जात नाही, सूचना जाते : कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, केव्हा सोडली. भातखंड्यांच्या स्वरलिपीची ती दूरची बहीण आहे. लिपीत राग नसतो, रागाची खूण असते. ती वाचणाऱ्याला राग माहीत असेल तरच खुणेतून गाणे उभे राहते.

मिडीत पट्ट्यांचे क्रमांक ० ते १२७ आहेत आणि बारा समान स्वर गृहीत धरलेले आहेत. म्हणजे पेटीचा दोष इथेही आला. पण पेटीला नसलेली एक सोय या भाषेत आहे. स्वर वाकवण्यासाठी तिच्यात १६,३८४ पायऱ्या ठेवल्या आहेत. वाकवण्याची नेहमीची मर्यादा दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांची असते. त्या हिशेबाने एक पायरी अर्धस्वराच्या चार हजाराव्या भागाएवढी पडते. कोणत्याही कानाला इतका सूक्ष्म फरक कळत नाही. आपला शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा अर्धस्वराच्या साधारण सातव्या भागाने उतरलेला असतो. पुष्कळ कीबोर्डांवर प्रत्येक स्वर असा चढवण्या-उतरवण्याची सोय असते. जुन्या मिडीत वाकवणे संपूर्ण चॅनेलला लागू होई, एक स्वर ओढला की सोबतचे सगळे ओढले जात. प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल देणारी पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाल्यावर ती अडचणही राहिली नाही.

हे शक्य आहे याचा पुरावा आपल्या घराजवळच आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये जपानी सिंथेसायझर आणि तालयंत्रे घेऊन दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. पुढे जगभर नाचगाण्याच्या संगीतात गाजलेली यंत्रे त्यांनी रागाच्या चलनासाठी वापरली आणि स्वरांना जोडणारी घसीट त्यांच्यातून काढली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कुणी वळले नाही. आज ती ऐकताना जाणवते की यंत्राला रागाचे काही वावडे नव्हते. त्याला राग सांगणारा माणूस हवा होता.

आवाजांची प्रमाणभाषा

मग बिघडते कुठे? तयार आवाज आणि तयार ठेका इथे ते बिघडते असे माझे मत आहे. १९९१ मध्ये सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी १२८ आवाजांची एक समान यादी ठरली. तिच्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर सनई. तालवाद्यांच्या यादीत बोंगो आहे, कोंगा आहे, मराकस आहे. तबला नाही, ढोलकी नाही. ही यादी म्हणजे आवाजांची प्रमाणभाषाच. झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, तिथे ‘न’ आणि ‘र’ येतात. ज्याच्या कानाला प्रमाणभाषेचीच सवय, त्याला ‘डोरा’ हा शब्द ‘डोळा’चा अपभ्रंश वाटतो. तसेच या यादीवर वाढलेल्या कानाला दंडारीतली ढोलकी बेसूर वाटू लागते.

पुढे कंपन्यांनी ही उणीव ओळखली. यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय मालिका काढली, तिच्यात भारतीय वाद्ये आणि ठेके तयार मिळतात. रोलंडच्या ऑक्टापॅडच्या आठ पॅडांवर तबला-ढोलकी वाजू लागली. झाडीपट्टीला याचा खरा फायदा झाला. जड ऑर्गन गावोगाव न्यावा लागत नाही. विजांचा कडकडाट, घोड्यांच्या टापा, बासरी आणि व्हायोलिन एकाच माणसाच्या हाताखाली आले. लहान कंपनीलाही भरलेला आवाज परवडू लागला. हा फायदा नाकारून केलेली हळहळ मला प्रामाणिक वाटत नाही.

पण तयार केरवा म्हणजे कुणीतरी एकदा वाजवलेला, कापून गोल फिरवलेला केरवा. तो पहिल्या अंकात आणि तिसऱ्या अंकात सारखाच असतो. लावणीतली ढोलकी सुरुवातीला पाय रोवते, मग हळूहळू चढते आणि शेवटी नाचणारीच्या पायांशी झोंबते. तयार ठेक्याला वेग वाढवायला सांगता येते, पण पायांकडे पाहायला सांगता येत नाही.

वेळेची जाळी

हाच प्रश्न ध्वनिमुद्रणात अधिक तीव्र होतो, आणि नव्या पिढीचे शिक्षण तिथेच चालले आहे. मूल, सावली, सिंदेवाहीकडची मुले जुना लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि दोन-चार सप्तकांचा कीबोर्ड एवढ्यावर गाणी करतात. ती उत्साहाने करतात आणि चांगली करतात. त्यांना शिकवणारे धडे मात्र दुसऱ्या संगीतासाठी बनलेले असतात. बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला १२० ठोक्यांची लय आणि चार मात्रांचे आवर्तन समोर येते. धड्यातली पहिली सूचना असते : क्लिक लावा आणि त्यावर वाजवा. दुसरी सूचना : मागेपुढे झालेले स्वर क्वान्टाइझ करा, म्हणजे प्रत्येक ठोका जाळीच्या जवळच्या रेघेवर ओढून आणा.

इथेही यंत्राची क्षमता आणि यंत्राची सवय वेगळी करून पाहावी. सॉफ्टवेअर एका मात्रेचे ४८० किंवा ९६० भाग करते. १२० च्या लयीत ९६० वा भाग सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा होतो. ढोलकीवाला समेच्या आधी जो केसभर थांबतो, त्याचे ते थांबणे हे यंत्र आजवरच्या कोणत्याही लिपीपेक्षा बारकाईने टिपू शकते. म्हणजे ज्या साधनाने दंडारीची लय जपता आली असती, त्याच साधनाची एक कळ दाबून आपण ती पुसतो. मी ऐकलेल्या अनेक स्थानिक गाण्यांत शब्द झाडीबोलीतले असतात, विषय रोवणीचा किंवा मंडईचा असतो, आणि लय मात्र कुठल्याही गावची नसते. ती ऐकताना चूक सापडत नाही आणि पायही हलत नाही.

रंगमंचावर याचे परिणाम अधिक दूरवर जातात. जिवंत साथ असते तेव्हा आईचे पात्र मुलाच्या प्रेतावर कोसळते, नटी श्वास घेण्यासाठी थांबते आणि कीबोर्डवाला तोच षड्ज तिची मान वर होईपर्यंत धरून ठेवतो. प्रेक्षक हसले की विनोदी नट थांबतो आणि ऑक्टापॅड त्या थांबण्याला टोला देतो. वन्समोअर मिळाला की पद पुन्हा सुरू होते. इथे यंत्र आहे आणि साथही आहे. ज्या प्रसंगी आधी मुद्रित केलेले पार्श्वसंगीत लावले जाते, तिथे हे नाते उलटते. नट संगीताची साथ करू लागतो. दोन मिनिटांचे रडणे दोन मिनिटांत संपवावे लागते, समोरचे गाव अजून रडत असले तरी. झाडीपट्टीची ताकद प्रेक्षकांशी रात्रभर चाललेल्या या देवाणघेवाणीत आहे. ती गेली तर कीबोर्डही वाचणार नाही, कारण मुद्रित संगीत लावायला वादक लागत नाही.

शिकण्याची सुरुवात

म्हणून मला हा प्रश्न मुळात शिक्षणाचा वाटतो. डिजिटल संगीत शिकणाऱ्या झाडीपट्टीतल्या मुलाने पहिला धडा क्लिक बंद करून घ्यावा. गावातल्या दंडारीच्या ढोलकीवाल्यासमोर मायक्रोफोन ठेवावा आणि त्याला हवे तसे वाजवू द्यावे. मग संगणकावर त्याच्या ठोक्यांना धरून लयीचा नकाशा तयार करावा, म्हणजे जाळी वादकाच्या मागे चालेल. ही सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्या धड्यात त्याच ढोलकीचे एकेक बोल वेगळे मुद्रित करून पॅडांवर बसवावेत. १२८ आवाजांच्या यादीत जी ढोलकी नाही, ती अशी आपल्या हाताने तिथे नेता येते. तिसरा धडा सॉफ्टवेअरबाहेरचा आहे : एका हंगामात निदान पाच रात्री वादकांच्या शेजारी बसावे आणि वाद्याला हात न लावता फक्त नटाच्या श्वासाकडे पाहावे.

यात घाई करण्याचे कारण आहे. दंडार आणि खडी गम्मत वाजवणारे जुने हात कमी होत चालले आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे शब्द आणि दंडारीची परंपरा कागदावर आणली, पण लय कागदावर येत नाही. ती टिपण्याइतके सूक्ष्म साधन आज प्रथमच आपल्या मुलांच्या हाती आले आहे. जुने वादक आहेत तोवर मुले त्यांच्यासमोर बसली, तर पुढच्या पिढीच्या कीबोर्डात मूलचा ठेका असेल. नाही बसली, तर त्यांना केरवा माहीत असेल तो कंपनीने भरून दिलेला, आणि दंडारीचा केरवा वेगळा होता हे सांगायला कुणी उरणार नाही.