गुणाच्या आधीचा आनंदा

‘नटरंग’ सिनेमाचे चाहते त्याच्या नायकाला, गुणा कागलकरला, अंतर्बाह्य ओळखतात. त्याच्या दंडाची बेटकुळी, पुढे वितळत गेलेलं ते शरीर, अजय-अतुलचा ठेका, सगळं पाठ. पण गुणाच्या आडनावातल्या गावात, कागलात, त्याच्या आधी एक पोरगा होऊन गेला. त्याची ओळख करून घेतल्याशिवाय हा सिनेमा पुरता कळत नाही, असं माझं मत आहे. तो पोरगा म्हणजे ‘झोंबी’तला आनंदा, अर्थात खुद्द आनंद यादव.

कथा आधीची पण लिहिलेली नंतर, म्हणजे आजच्या भाषेत प्रीक्वेल. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय ती यादवांचीच ‘नटरंग’ आधी आली, ‘झोंबी’ 1987 मध्ये. पात्रं एक नाहीत, एक कादंबरी आणि दुसरं आत्मचरित्र, हे मान्य. पण चांगला प्रीक्वेल घटनांची साखळी जुळवत बसतच नाही. 2009 च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमाआधी ‘काउंटडाउन’ नावाची चार अंकांची कॉमिक मालिका निघाली होती. पडद्यावर पिसाळलेला खलनायक नीरो मुळात एक खाणकामगार, बायको आणि अख्खा ग्रह गमावलेला. सिनेमात हे ओझरतं कळतं. कॉमिक वाचून गेलेल्याला मात्र त्याच्या प्रत्येक आरोळीमागे ते घर दिसत राहतं.

‘नटरंग’मध्ये अशी ओझरती जागा आहे विहिरीची. मालक पंप बसवतो, मोटेवरची माणसं बेकार होतात, गुणा फड उभा करायच्या मागे लागतो. काही मिनिटांत काम उरकतं. पटकथेला एवढं पुरतं. पण ज्यानं ‘झोंबी’ वाचलंय तो त्या विहिरीपाशी रेंगाळतो, कारण पिकाला पाणी पाजताना माणसाच्या आत काय काय घडू शकतं ते यादवांनी तिथं लिहून ठेवलंय.

आनंदाची शाळा बापानं सोडवलेली. आईनं आणि पोरानं गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसायांकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं, तेव्हा कुठं बाप राजी झाला, तोही अटी घालून: शाळेआधी रानातलं काम, शाळेनंतर गुरं. वर्गात सौंदलगेकर मास्तर कविता शिकवायचे ते चालीवर, हातवारे करत, कवितेत पार बुडून. पोरगा ते सगळं रानात घेऊन आला. आधी एकट्यानं पाणी पाजायचं, ढोरं राखायची म्हणजे जिवावर यायचं. आता त्याला एकटेपणच हवंसं झालं. मोठ्यानं गाता येतं, अभिनय करता येतो, थुईथुई नाचता येतं, बघायला कोणी नाही. पाटाचं पाणी वाफ्यात शिरतंय आणि बांधावर एक पोर मास्तरांच्या चालीत स्वतःची चाल मिसळतंय. कागद नसला की काठीनं म्हशीच्या पाठीवर ओळी ओढायच्या, पाठ झाल्या की पुसून टाकायच्या.

या वर्णनात यादव कुठंही गहिवरत नाहीत, ही त्यांची मोठी ताकद. म्हैस म्हैसच राहते, प्रतीक होत नाही. कला इथं चैन म्हणून येत नाही, कष्टाच्या मधल्या फटीतून शिरते, आणि येताना कष्ट कमी करत नाही.

आता गुणाकडे परत या. राजाचं सोंग मनात बाळगणारा हा पैलवान गडी नाच्या व्हायला तयार होतो. फडातल्या नर्तकीची, नयनाची, अट आणि फडाची गरज ही झाली बाहेरची कारणं. पण गुणा झालेला अतुल कुलकर्णी मनगट वळवतो, मान कलवतो, कमरेतला ताठा एकेक अंश उतरवतो, तेव्हा जाणवतं की हा माणूस कोणी बघत नसताना फार पूर्वीपासून नाचत असणार. सिनेमा हे सांगत नाही. दिग्दर्शक रवी जाधवांचा पहिलाच चित्रपट, आणि उत्तरार्धात राजकारण, अत्याचार, पुरस्कार अशी घाई झालीय. पण या एका शारीरिक बदलावर कॅमेरा पुरेसा थांबलाय, म्हणून बाकीचं माफ.

हल्ली आम्ही चाहते हा सिनेमा टेलिपार्टीवर, म्हणजे आपापल्या घरून एकाच वेळी, चॅट करत बघतो. कोणी कागलात, कोणी पुण्यात, कोणी जर्मनीत. ‘वाजले की बारा’ गाण्याला चॅटमध्ये बदामांचा पाऊस पडतो, आणि ज्याचं नेट मंद त्याची शिट्टी गाणं संपल्यावर उगवते. तमाशाच्या कनातीत असा उशीर कुणी खपवून घेतला नसता! पण पंप बसतो त्या प्रसंगाला चॅट ओस असतं. तेवढ्यात चहा ठेवून येतात मंडळी. परवा मी तिथं फक्त ‘म्हैस’ एवढंच लिहिलं. दोघांना कळलं, बाकीच्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या.

एवढे हौशी चित्रकार या चाहत्यांत आहेत, ‘अप्सरा आली’ गाण्यातल्या अप्सरेची पोस्टरं काढून काढून थकत नाहीत. त्यांतल्या एखाद्यानं गुणाच्या बालपणाचं कॉमिक काढावं. संवादांचे फुगे जवळजवळ नकोतच. पानभर म्हशीची काळी पाठ, तिच्यावर काठीची पांढुरकी रेघ. पुढच्या चौकटीत ती अर्धी पुसलेली, कोपऱ्यात भरून वाहू लागलेला वाफा, आणि बांधावरून शिव्या देत येणारा बाप.