रबर, जाळी आणि हात : इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅडच्या स्पर्शाची चिकित्सा

तालवाद्यांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक आवाजाविषयी असते. डग्गा किती घुमतो, ढोलकीची थाप कशी पडते, ताशा कसा कडाडतो, याची वर्णने भरपूर सापडतात. वादक एकमेकांशी बोलतात तेव्हा मात्र दुसराच विषय निघतो : वाद्य हाताला कसे लागते? पुडी कडक आहे की ढिली, बोट लगेच सुटते की चिकटते, तासभर वाजवल्यावर मनगट काय म्हणते? कातड्याच्या वाद्यात ही दोन अंगे वेगळी काढता येत नाहीत, कारण आवाज आणि स्पर्श दोन्ही एकाच कंपनातून येतात. इलेक्ट्रॉनिक पॅडने ती प्रथमच तोडली. आवाज यंत्राच्या स्मृतीतून येतो, स्पर्श रबरातून किंवा जाळीतून. म्हणून ‘आवाज किती खरा वाटतो’ या एकाच प्रश्नावर पॅडची पारख करणे अपुरे आहे. हाताला काय मिळते आणि त्यामुळे हात काय शिकतो, हे तपासायला हवे.

कडक पृष्ठभागाचा धडा

१९८१ साली ब्रिटनमधील सिमन्स कंपनीचा एसडीएस-५ हा संच बाजारात आला. त्याचे षट्कोनी पॅड त्या दशकातील पॉप संगीताची खूणच बनले. पॅडचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा होता. दंगलीत पोलीस वापरतात त्या ढालींचे हे प्लास्टिक. स्टिक त्यावरून झटकन उसळे, पण पृष्ठभाग जराही दबत नसे. आघाताचा हादरा सरळ मनगटात आणि कोपरात परत येई, आणि वादकांनी दुखण्याच्या तक्रारी केल्या. पुढे सिमन्सलाही पॅडवर रबर आणावे लागले.

या अनुभवातून तुलनेची पहिली कसोटी मिळते. उसळी आणि लवचीकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसळी म्हणजे स्टिक किती वेगाने परत येते. लवचीकता म्हणजे पृष्ठभाग आघात किती पोटात घेतो. फरशीवर उसळी आहे, लवचीकता नाही. उशीवर उलट. चांगल्या ड्रमच्या पडद्यावर दोन्ही ठरावीक प्रमाणात असतात, आणि पॅडचे निर्माते गेली चाळीस वर्षे त्या प्रमाणाच्या शोधात आहेत.

रबर : आठ वाद्ये, एकच स्पर्श

१९८५ साली रोलँडचा पॅड-८ आला, त्याचे नाव ऑक्टापॅड. आठ रबरी पॅड, स्वतःचा आवाज एकही नाही. मिडीच्या तारेतून दुसऱ्या यंत्राला वाजवायचे एवढेच त्याचे काम. १९९८च्या एसपीडी-२०मध्ये आवाज आतच आले, तबल्यासकट. महाराष्ट्रात वाद्यवृंद, बेंजो पार्ट्या, वराती आणि गणपतीचे मांडव यांत हे यंत्र इतके रुळले की ‘ऑक्टोपॅड’ हे कंपनीचे नाव न राहता वाद्याचेच नाव झाले.

स्पर्शाच्या दृष्टीने ऑक्टोपॅड साधा आहे. कठीण बैठकीवर रबर, त्यामुळे उसळी बरी आणि दबणे थोडे. पॅड लहान असल्याने हात उंचावून मारण्याला अर्थ नाही. सगळे काम मनगट आणि बोटांचे. ताशाच्या काड्यांची सवय असलेला हात येथे लवकर रुळतो. खरा मुद्दा पुढचा आहे. ढोलकी, डफ, टाळ, घुंगरू असे आठ आवाज आठ चौकोनांत असतात, पण बोटांना लागते ते एकच रबर. कोणते वाद्य कोठे आहे, हे हाताला कळत नाही. ते लक्षात ठेवावे लागते.

हा दोष आहे का? चटकन ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो, पण ऑक्टोपॅडची ताकदही येथेच आहे. सगळीकडे स्पर्श सारखा म्हणून एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना हाताला जुळवून घ्यावे लागत नाही. चार जणांचे काम एकटा करू शकतो तो यामुळेच. लहान कार्यक्रमाच्या बिदागीत चार तालवादक बसत नाहीत, एक बसतो. तेव्हा स्पर्शाचा हा एकसारखेपणा म्हणजे कोणाची रोजी तर कोणाची बेकारी. म्हणून ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला नकली ढोलकीवाला म्हणणे चुकीचे आहे. अनेक बोटांचे बोल दोन स्टिकांच्या टोकांत विभागून बसवणे ही वेगळी विद्या आहे, आणि तिची पारख तिच्याच नियमांनी व्हायला हवी.

जाळी : खऱ्याहून जास्त उसळी

१९९७ साली रोलँडने व्ही-ड्रम्सचा टीडी-१० संच आणला. त्याच्या पॅडवर रेमो या ड्रमचे पडदे बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने तयार केलेला विणलेल्या जाळीचा पडदा होता. जाळीतून हवा आरपार जाते, म्हणून आघाताचा आवाज फार कमी. इमारतीत राहून सराव करणाऱ्याला हे वरदानच होते. पायाच्या पेडलचा धक्का मात्र जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचतोच.

जाळीला ‘अगदी खऱ्या ड्रमसारखी’ म्हणण्याची पद्धत आहे. हे अर्धेच खरे. चावीने ताणता येतो तो पडदा, हे साम्य आहे. पण खऱ्या ड्रमवर ताण वाढवला की सूर चढतो आणि उसळीही वाढते. जाळीवर फक्त उसळी वाढते, सूर यंत्रात वेगळा ठरतो. शिवाय जाळी स्टिकला खऱ्या पडद्याहून अधिक उडवते. एका आघातात दोन ठोके काढणे तिच्यावर सोपे जाते, कारण दुसरा ठोका बराचसा जाळीच देते. असा हात खऱ्या ड्रमसंचातल्या मोठ्या, सैल फ्लोअर टॉमवर गेला की दुसरा ठोका बुडतो. तेथे तो बोटांनी काढावा लागतो, आणि बोटांना ती सवय लागलेली नसते.

यामाहाने सिलिकॉनचा मार्ग धरला. आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला तो पृष्ठभाग रबराहून मऊ आणि जाळीहून शांत उसळीचा आहे. पण त्याच कंपनीने डीटीएक्स-१० हा संच सिलिकॉन आणि जाळी अशा दोन्ही रूपांत विकायला ठेवला. एकच आदर्श स्पर्श नाही, हे निर्मात्यानेच दिलेले उत्तर आहे.

पृष्ठभागाखालचा स्पर्श

पॅडखाली पिएझो संवेदक असतो. आघाताने त्यात विजेचा झटका उठतो आणि यंत्र त्याच्या जोराला १ ते १२७ यांतला आकडा देते. अमुक मर्यादेखालचे झटके यंत्र सोडून देते. ही मर्यादा उंच ठेवली की हलके ठोके हरवतात, वादक नकळत जोर लावतो आणि म्हणतो, ‘पॅड कडक आहे.’ पॅड तोच असतो, सेटिंग बदललेले असते. जाळीच्या अनेक पॅडांत संवेदक बरोबर मधोमध असल्याने तेथला ठोका अकारण मोठा वाजतो; हात मग मध्य टाळू लागतो.

विलंबाचा बाऊ मात्र जास्त केला जातो. झटक्याचे शिखर ओळखायला यंत्र साधारण २ मिलिसेकंद घेते. हवेतून १ मीटर जायला ध्वनीला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकर चार मीटरवर ठेवून पॅडच्या उशिराला दोष देणे न्याय्य नाही.

हात थांबतो तेव्हा

आतापर्यंतची तुलना स्टिकची होती. तबला-ढोलकीची गोष्ट वेगळी. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मधील टिपणात दाखवले, की शाईच्या वजनामुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर सुरेल नात्यात बसतात. चाट, लव आणि शाई यांवर म्हणून वेगवेगळे बोल निघतात, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्शही वेगळा असतो. त्याहून महत्त्वाचे हे, की तबल्याचा बोल आघातात संपत नाही. डग्ग्यावर मनगट सरकले की घिस्सा निघतो; हात ठेवला की नाद बंद, उचलला की खुला. बोलाचा अर्धा भाग हात थांबण्यात आणि सुटण्यात आहे.

पॅडला कळतो तो मुख्यतः आघात. २०००मध्ये आलेल्या रोलँडच्या हँडसॉनिकने हाताने वाजवण्याचा विचार केला. त्याला दाबही कळतो आणि दाबाने आवाज बदलता येतो. हे पाऊल मोठे आहे. तरी संवाद एकतर्फीच राहतो. मनगट दाबले की डग्ग्याचे कातडे ताणते आणि तो ताण हाताला परत सांगते. त्यावरून हात पुढचा दाब ठरवतो. रबराला सांगण्यासारखे काही नसते. तेथे कानाने ऐकून मग हाताला आवरावे लागते.

निष्कर्ष

ऑक्टोपॅडला रबर पुरेसे आहे, आणि त्याला कातड्याचे माप लावू नये. घरात ड्रम शिकणाऱ्यासाठी जाळी उत्तम, मात्र ती थोडी सैल ठेवावी आणि मधूनमधून खऱ्या ड्रमवर हात घालावा, नाहीतर तिची उसळी आपली तयारी वाटू लागते. तबला किंवा ढोलकी शिकायची असेल तर आजचा कोणताही पॅड कातड्याची जागा घेत नाही. आवाज पुरेसा खरा झाला आहे. उणीव आहे ती हाताला मिळणाऱ्या उत्तराची. आज अनेक घरांत मुलाच्या हाती पहिले तालवाद्य पॅडच येते. त्यावर ताल शिकता येतो, लय पक्की होते, यात शंका नाही. फक्त हात काय शिकायचा राहिला, हे शिकवणाऱ्याला माहीत असले पाहिजे.