दबक्या आवाजातले बोलणे आणि आपले साहित्य

आणीबाणीवर मराठीत काय लिहिले गेले याची यादी करायला बसले की पहिले नाव येते ते दुर्गाबाई भागवतांचे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला ५१ वे साहित्य संमेलन भरले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. त्यांच्या उपस्थितीत अध्यक्ष दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करवून घेतली. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. दुसरे नाव विनय हर्डीकरांच्या 'जनांचा प्रवाहो चालिला' या १९७८ च्या पुस्तकाचे. चळवळीत स्वतः उतरलेल्या तरुणाचे ते कथन आहे. त्याला जाहीर झालेला राज्य पुरस्कार पुढे शासनानेच मागे घेतला. याखेरीज तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आहेत, पत्रे आहेत, भाषणे आहेत.

हे सारे आम्ही आदराने वाचले आहे. उर्दू माध्यमात शिकलो आणि उर्दू माध्यमातच शिकवतो, तरी हे लेखन आम्ही आपले मानतो. पण वाचून संपल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्याने भाषण केले नाही आणि जो तुरुंगातही गेला नाही, तो माणूस या एकवीस महिन्यांत काय बोलत होता? रेशनच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, मशिदीच्या पायरीवर चपला शोधताना, रात्री बायकोशी? व्यासपीठ आणि तुरुंग या दोन टोकांच्या मधला एवढा मोठा मुलूख आमच्या साहित्याने जवळजवळ मोकळा सोडला आहे.

आमचा जन्म आणीबाणीनंतरचा. आम्हांला तो काळ ठाऊक आहे तो नानीच्या तोंडून. पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यातले एक लहान गाव होते. नाना सकाळी टपाल नाक्याजवळ एका हॉटेलात चहा घ्यायचे. तिथे रोज एकच संवाद व्हायचा. कोणी तरी विचारायचे, "काय चाचा, गाड्या वेळेवर येतायत ना?" आणि नाना म्हणायचे, "येतायत, येतायत. अगदी वेळेवर." नानी सांगते की हेच वाक्य तीन प्रकारे बोलले जाई. कधी ते मनापासून असे, कारण कचेरीत कामे खरेच भराभर होऊ लागली होती आणि त्याचे समाधान पुष्कळांना होते. कधी शेजारच्या बाकड्यावर अनोळखी माणूस बसलेला असे, म्हणून. आणि कधी ते निव्वळ थट्टेने बोलले जाई, तेव्हा सारे बाकडे मान खाली घालून हसत असे. घरी आल्यावर नाना सांगत, आज कोणत्या प्रकाराने बोललो ते.

आमचा मुद्दा या तीन प्रकारांपाशी आहे. शब्द तेच राहिले, स्वर बदलला. दडपशाहीच्या काळात माणसे बोलायची थांबत नाहीत. ती शब्दांतला अर्थ काढून स्वरात ठेवतात. आणि स्वर अहवालात उतरत नाही. शहा आयोगाच्या अहवालातून आपल्याला कळते की १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. नानांच्या 'येतायत' या शब्दात त्या सकाळी भीती होती की थट्टा, हे मात्र त्यातून कळत नाही. ते सांगू शकते फक्त कथा, कादंबरी, नाटक. म्हणजे हे काम साहित्याचेच होते आणि साहित्यानेच ते टाळले, असे आम्हांला नाइलाजाने म्हणावे लागते.

नसबंदीचाच विषय घ्या. जानेवारी १९७६ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला बाजारासाठी आलेल्या माणसांना धरून नेऊन शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. अनेक राज्यांत शिक्षकांना 'केस' आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले, न आणल्यास पगार अडवला गेला. आम्ही स्वतः शिक्षक आहोत, म्हणून हा तपशील आम्हांला टोचतो. नानी सांगते, त्या दिवसांत मास्तर मोहल्ल्यात आले की त्यांना खुर्ची मिळे, चहा मिळे, पण घरात मुले किती हे कोणी बोलत नसे. धाकट्याला मागच्या दाराने शेजारी पाठवत. "मास्तर चांगला माणूस होता," नानी म्हणते, "पण त्याच्या हातात कागद होता." त्या मास्तरची कथा कोणी लिहिली? त्याला घरी जाऊन बायकोला काय सांगावे लागले असेल? तो जुलमी नव्हता आणि शहीदही नव्हता. अशा माणसाला आमच्या साहित्यात जागा मिळत नाही, कारण त्याच्या बाजूने घोषणा देता येत नाही आणि विरोधातही देता येत नाही.

उर्दूकडे वळलो तर चित्र उलटे दिसते. तिथे भीती आहे, पण मोहल्ला हरवतो. सत्तरीच्या आसपासच्या उर्दू अफसान्याने अलामतीचा, म्हणजे प्रतीकाचा आश्रय घेतला. त्यातून मोठ्या कथा निपजल्या हे नाकारता येत नाही. सुरेंद्र प्रकाश यांच्या 'बजूका'मध्ये प्रेमचंदांचा होरी पुन्हा शेतावर येतो. त्यानेच उभे केलेले बुजगावणे जिवंत होऊन पिकात वाटा मागते, आणि पंचायतही बुजगावण्याच्या बाजूने निकाल देते. सत्तेवर याहून नेमके बोट क्वचितच ठेवले गेले असेल. पण त्याच वाटेने गेलेल्या अनेक लहान कथांत चेहरा नसलेली माणसे नाव नसलेल्या शहरात चालत राहिली. सेन्सॉरला त्या कळल्या नाहीत हे खरे. आमच्या नानांनाही त्या कळल्या नसत्या, हेही तितकेच खरे.

या दोन टोकांत पूल बांधू पाहणारा लेखक आमच्याच गावचा निघाला, याचा आम्हांला अभिमान आहे. सलाम बिन रज्जाक १९४१ साली पनवेलला जन्मले, मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि मराठी साहित्य उर्दूत नेणाऱ्यांपैकी होते. त्यांचा पहिला कथासंग्रह 'नंगी दोपहर का सिपाही' १९७७ साली, म्हणजे आणीबाणी उठली त्याच वर्षी आला. २००४ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मे २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या 'अंजामकार' या कथेत वस्तीतल्या दारूच्या गुत्त्याविरुद्ध पोलिसांकडे जाणारा एक साधा माणूस आहे. इथे हुकूमशहा नाही, आणीबाणीही नाही. पण बलवानापुढे दुबळा माणूस कसा बोलू लागतो हे त्यात दिसते. शेवट आम्ही सांगत नाही, वाचकांनी मुळातून वाचावा. आमची तक्रार एवढीच की आमच्या गावात मराठी वाचणाऱ्यांना हे नाव फारसे ठाऊक नाही.

मोहल्ल्याची बोली घेऊन आणीबाणी लिहिता येते हे राही मासूम रझा यांनी हिंदीत दाखवले. 'कटरा बी आर्ज़ू' ही १९७८ ची कादंबरी अलाहाबादच्या एका वस्तीची आहे. पै पै साठवून घर बांधणारे जोडपे, गॅरेजमधली माणसे, त्यांची भांडणे, त्यांचे विनोद. आणीबाणीला वाखाणणारेही तिथेच आहेत. बुलडोझर येतो तोवर वाचक त्या घरात राहू लागलेला असतो. कादंबरी काही ठिकाणी भाषणाकडे झुकते, लेखकाला स्वतःला आवरत नाही. तरीही माणसे गप्पा मारतात तेव्हा ती खरी वाटते. असे एखादे पुस्तक मराठीत, एखाद्या कोकणी किंवा मराठवाडी मोहल्ल्यावर का नाही?

याचे उत्तर आम्ही इतरांकडे मागणार नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर आपण दंगलींवर लिहिले, तलाकवर लिहिले, अस्मितेवर तर पुष्कळच लिहिले. ते आवश्यक होते. पण आपली पात्रे बहुधा प्रश्न मांडतात, गप्पा मारत नाहीत. कोकणातल्या घराघरांत आखातातून आलेल्या कॅसेटी होत्या. निवडून आलेले सरकार जिथे नाही अशा देशांत राहणारी आमची माणसे त्यांत तास तास बोलत. उकाडा, सोन्याचा भाव, पोरांचा अभ्यास. तिथल्या राज्यकर्त्यांबद्दल एक अक्षर नसे. हे न बोलणेही साहित्याचा विषय आहे, असे आपल्याला कधी वाटले नाही. त्या कॅसेटींवर पुढे गाणी भरली गेली.

हा जुना विषय आता कशाला, असे कोणी विचारील. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार काही दिवसांतच रद्द झाला, तेव्हा हर्डीकरांच्या पुस्तकाची आठवण अनेकांना झाली. आणि आमच्या कुटुंबाच्या मोबाइल ग्रुपवर तर एक नियमच आहे: इथे राजकारण नको. एखाद्या भाच्याने काही टाकले की कोणी तरी लगेच बिर्याणीचा फोटो टाकतो. तो फोटो थट्टेने टाकला, कंटाळ्याने टाकला की भीतीने, हे आम्हांला सांगता येत नाही. परवा आम्हीही एक टाकला. का टाकला, हे आम्ही स्वतःशी अजून नीट बोललेलो नाही.

नानी आता नव्वदीला आली आहे. तिचे सांगणे आम्ही वहीत उतरवू लागलो आहोत. तिने वाक्य कोणत्या प्रकाराने म्हटले तेही कंसात लिहितो. आपापल्या मोहल्ल्यात अशी म्हातारी माणसे अजून आहेत. आपल्या लेखकांनी त्यांच्याकडे जावे, मुलाखत घ्यायला नको, चहा प्यायला जावे. गाड्या वेळेवर येत होत्या का, एवढे विचारावे आणि आवाज ऐकावा.