मांस, मजूर आणि वाचक : ‘द जंगल’विषयी एक शंका

अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीविषयीचे एक विधान इतक्या वेळा उद्धृत झाले आहे, की त्याने समीक्षेचीच जागा अडवली आहे. आपण नेम धरला होता लोकांच्या हृदयावर, पण तो चुकून लागला पोटावर, अशा आशयाचे ते स्वतः सिंक्लेअरचेच उद्गार. घटनाक्रम त्यांना दुजोरा देतो असे दिसते. १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या परिसरात सात आठवडे काढून सिंक्लेअरने ही कादंबरी लिहिली. १९०५ मध्ये ती एका समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः आली आणि अमेरिकेतील कामगारांना अर्पण झाली. ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. दोन्ही मालाविषयीचे, माल तयार करणाऱ्या माणसांविषयी एकही नाही. शिवाय मांसतपासणीचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायचा होता. म्हणजे कारखानदारांच्या मालाला सरकारी शिक्का मिळाला, तोही परभारे.

याचा दोष सामान्यतः वाचकाच्या स्वार्थीपणाला दिला जातो. प्रस्तुत लेखकाची शंका अशी, की हा ‘चुकलेला नेम’ संहितेतच आहे.

तिसरे प्रकरण पाहावे. लिथुआनियाहून नुकताच आलेला युर्गिस आणि त्याचे कुटुंब यांना त्यांचा एक दुकानदार देशबांधव कारखाना दाखवायला नेतो. कारखाना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे वेगळी सोय आहेच. साखळीला टांगून नेली जाणारी डुकरे आपण याच पाहुण्यांच्या जागेवरून पाहतो. युर्गिसला तेव्हा एवढेच वाटते, की आपण डुक्कर नाही हे बरे झाले. पुढे कादंबरीच्या अखेरीस आपणही कारखानदारांच्या लेखी डुक्करच होतो हे त्याला कळते. ही योजना चांगली आहे. पण युर्गिस सज्ज्यावरून खाली उतरतो, मजूर होतो. निवेदक मात्र वरच राहतो, आणि त्याच्यासोबत वाचकही.

नवव्या प्रकरणाच्या अखेरचा प्रसिद्ध परिच्छेद या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात खातेनिहाय दुखापती येतात : आम्लाने खाल्लेली बोटे, सुरीने कापून निकामी झालेले अंगठे, कोंदट खोल्यांतला क्षय. तपशील अचूक आणि भयंकर आहेत, पण इथे एका ओझरत्या उल्लेखाखेरीज माणसांना नाव नाही, खात्यांना आहे. आणि परिच्छेद संपतो तो वाफाळत्या टाक्यांत पडून चरबीत मिसळून गेलेल्या, त्या चरबीच्या रूपाने बाजारात गेलेल्या मजुरांपाशी. इथे मजुराचा मृत्यू वाचकाच्या ताटातला पदार्थ होतो. यादीचा कळस किळस हा आहे, शोक नव्हे. मग वाचकाने पोटावर हात ठेवला तर त्याला आप्पलपोटा का म्हणावे? त्याला ग्राहकाचे आसन निवेदकानेच दिले होते.

अखेरची समाजवादी भाषणांची प्रकरणे ‘प्रचारकी’ म्हणून निकालात काढण्याची प्रथा आहे. (सुधारणेच्या कादंबरीवर असा शेरा मारून मोकळे होण्याची सवय ‘यमुनापर्यटन’पासून आपल्यालाही आहे.) माझा आक्षेप प्रचाराला नाही. तिथे युर्गिस केवळ श्रोता उरतो, हा आहे. पहिल्या प्रकरणातल्या लग्नसमारंभात गाणे आहे, नाच आहे, लिथुआनियन शब्द आहेत. ती भाषा पुढे विरत जाते आणि अखेरीस नायकाजवळ फक्त कान उरतात. संपफोड्या काळ्या मजुरांना तर तेवढेही मिळत नाही. ते निव्वळ जमाव म्हणून येतात, आणि कादंबरीची करुणा नेमकी कुठे थांबते हे उघड होते.

याच शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाउस उभारले होते. १९१३ मध्ये तिथे एक सैतानी बाळ असल्याची अफवा उठली. सहा आठवडे लोंढे येत राहिले. कुणी सांगे, नास्तिक नवऱ्याने देवाची तसबीर फाडली म्हणून ते जन्मले. कुणी सांगे, सहा मुलींच्या बापाने आणखी एका मुलीपेक्षा सैतान पत्करला म्हणून. अ‍ॅडम्सबाई आधी वैतागल्या. मग आलेल्या म्हाताऱ्यांचे ऐकू लागल्या, आणि मार खाल्लेल्या, मुले गमावलेल्या त्या स्त्रियांना या कथेतून काय म्हणायचे होते ते ‘द लाँग रोड ऑफ वुमन्स मेमरी’ (१९१६) मध्ये त्यांनी लिहिले. शब्दांकन अर्थातच सुशिक्षित बाईंचे आहे, आणि ते कधीकधी जास्तच सुसंस्कृत होते. तरीही इथे पाहायला आलेली माणसे गरीब आहेत आणि दाखवण्यासारखे काहीच नाही. ‘बाळ इथे नाही’ हे सांगता सांगता सुधारकच पेचात सापडते. कारण ते ऐकताना म्हाताऱ्यांची होणारी निराशा तिला पाहवत नाही. या पुस्तकाने कोणताही कायदा घडवला नाही. म्हणूनच की काय, सुधारणावादी वाङ्मयाच्या आपल्या अभ्यासक्रमात ‘द जंगल’ असते, आणि हे नसते.