मोलकरणींचा संप आणि भांड्यांची जात

दीपा धनराज बेंगळूरच्या. पण 1980 साली सुरू झालेल्या त्यांच्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाचे पहिले दोन माहितीपट मराठी बोलतात. आमच्या व्यासपीठांवर मात्र त्यांची चर्चा क्वचितच होते.

1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी आपणहून संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. 'मोलकरीण' (1981) हा त्या उभारणीचा चित्रपट. पगार, सुट्टी, खाडे यांचा हिशेब बाया स्वतः मांडतात. 'तंबाकू चाकिला ऊब आली' (1982) निपाणीच्या तंबाखू वखारींत जातो. चित्रपटगट आधी त्या कामगार बायांमध्ये राहिला, त्यांचे ऐकले, आणि मग त्यांनीच आपला संप कॅमेऱ्यापुढे पुन्हा उभा केला. आमच्याविषयी कळवळ्याने बोलणारे पुष्कळ झाले. दीपाबाईंनी बोलणाऱ्यालाच बोलू दिले, हे त्यांचे मोठेपण निःसंकोच मान्य केले पाहिजे.

तरीही एक प्रश्न विचारायलाच हवा. 'मोलकरीण'चा कणा मजुरी हा आहे. पण मोलकरीण म्हणजे नुसती मजूर काय? माझ्या आईने जळगावात चार घरची भांडी घासली. त्याच घरांत पोळ्या लाटायला दुसरी बाई येई. तिला ओट्यापर्यंत प्रवेश, आईला मोरीपर्यंत. ही वाटणी कामाची नव्हती. धुळ्यातली कुठलीही कॉलनी घ्या, स्वयंपाकाच्या बाईचे आडनाव आधी विचारले जाते. पगार वाढला म्हणून मोरी आणि ओटा यांतले अंतर कमी होत नाही. त्या काळच्या स्त्रीचळवळीने 'स्त्री' आणि 'कामगार' हे शब्द पक्के केले. तिसरा शब्द तिच्या ओठांवर यायला फार उशीर झाला. (शहाद्याच्या भिल्ल बायांनी सत्तरच्या दशकात दारूची मडकी फोडली, तेव्हाही बाहेरच्यांनी लिहिताना 'आदिवासी' हा शब्द ठेवला आणि भर 'शेतमजूर' या शब्दावर दिला.)

पुढे 'समथिंग लाइक अ वॉर' (1991) आला. कुटुंबनियोजनाच्या लक्ष्यांकात बाईचे शरीर कसा आकडा बनते, हे त्यात दिसते. 'कॅम्प' या शब्दाचा अर्थ आमच्या खेड्यांतल्या बायांना तो पाहण्याआधीच ठाऊक होता.

आणि मग 2018. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुलाच्या 17 जानेवारी 2016 च्या मृत्यूनंतर उठलेल्या विद्यार्थी आंदोलनावरचा 'वी हॅव नॉट कम हिअर टू डाय'. इथे जात पडद्याच्या मधोमध आहे. सदतीस वर्षांनी दीपाबाई तिथे पोचल्या, असे कुणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. त्यांना तिथे नेले ते आमच्या पोरांनी. ऐकण्याची सवय त्यांनी मोलकरणींकडे घेतली होती, तीच इथे कामी आली. नाव झालेल्या कलावंताने आपलीच जुनी चौकट मोडावी, हे मराठीत मी फार पाहिलेले नाही.

माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या आया आजही भांडी घासतात. 'मोलकरीण' त्यांना दाखवावा, आणि संपल्यावर स्वयंपाकाच्या बाईविषयी विचारावे.